बांधावरची केस, सिंगापूरची क्रूझ आणि एका वर्षाचा पासपोर्ट

करवीर तालुक्यातल्या एका वाचकांचे पत्र आहे. लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून नवराबायकोने डिसेंबरातली सिंगापूरची क्रूझ बुक केली, सगळे पैसे भरले आणि मग पासपोर्ट उघडून बघितला. बाईंच्या पासपोर्टला बरीच मुदत आहे, ह्यांचा मार्चमध्ये संपतो. त्यात बांधावरून चुलतभावाशी झालेल्या मारामारीची, भारतीय दंड संहितेच्या ३२३, ५०४, ५०६ कलमांची केस २०१९ पासून कोर्टात पडून आहे. एजंट सांगतो, फॉर्मवर केसच्या रकान्यात ‘नाही’ करा, कोण बघतंय! आणि नेटवर ह्यांनी वाचले की जहाज सुटते तिथेच परत येणार असेल तर पासपोर्ट लागतच नाही. दर सुट्टीच्या आधी अशी पत्रे येतात. कुणाचे जहाज असते, कुणाचे विमान.

नेटवरचे आधी निकालात काढू. ती सवलत अमेरिकेची आहे, अमेरिकन नागरिकांना, तिथल्याच बंदरातून सुटून तिथेच परतणाऱ्या जहाजांसाठी. तुम्हाला तिचा काडीचा उपयोग नाही. मुंबई-गोवा क्रूझला आधार कार्ड चालते, कारण तुम्ही देशाबाहेर जातच नाही. सिंगापूरला निघालात की विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीपाशीच पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि प्रवास संपल्यावरही त्याची सहा महिने मुदत उरली पाहिजे असे धरून चालायचे. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून पासपोर्ट री-इश्यूला, म्हणजे नूतनीकरणाला, टाकता येतो. पत्रात केबिनला बाल्कनी असल्याचे आवर्जून लिहिले आहे. तेवढीच चौकशी पासपोर्टच्या शेवटच्या तारखेची केली असती तर हे पत्र लिहावे लागले नसते.

आता मुद्द्याचे. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६(२)(एफ) प्रमाणे फौजदारी कोर्टात केस प्रलंबित असली की पासपोर्ट नाकारतात. नुसता एफआयआर असेल आणि कोर्टाने दखल घेतली नसेल, तर ती केस यात मोडत नाही. पण तुमच्या केसला तारखा पडताहेत, तेव्हा ती वाट बंद. उरते २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना, जीएसआर ५७०(ई). केस ज्या कोर्टात आहे त्या कोर्टाने परदेशी जायला परवानगी दिली तर पासपोर्ट मिळू शकतो. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते. फसगत त्याच्या पुढच्या ओळींत आहे. परवानगी आठ-दहा दिवसांची दिली आणि पासपोर्ट किती मुदतीचा ते आदेशात लिहिलेच नाही, तर पासपोर्ट निघतो एक वर्षाचा. त्यातून सहा महिन्यांची अट वजा करा. म्हणजे वर्षाचा पासपोर्ट, पण वापरायला मिळणार जेमतेम सहा महिने. प्रवास थोडा पुढे ढकलला की पुन्हा पहिल्यापासून कोर्ट.

म्हणून तुमच्या वकिलांनी तयार केलेल्या अर्जातली विनंती स्वतः वाचा. ‘परदेशी जाण्यास परवानगी व ना-हरकत मिळावी’ एवढेच असेल तर अर्ज परत टाइप करायला लावा. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत जाण्याची परवानगी वेगळी मागा आणि दहा वर्षांचा पासपोर्ट देण्यास हरकत नाही हे वेगळे मागा. ‘दहा वर्षे’ हे शब्द आदेशातही उतरले पाहिजेत. मुंबई उच्च न्यायालयाचा नरेंद्र अंबवानी प्रकरणातला २०१४ चा निकाल सोबत जोडा. नियमानुसार नूतनीकरण म्हणजे दहा वर्षे, असे त्यात आहे. कोर्ट दहा देईलच असे मी सांगत नाही. पाच दिली तरी तुमचे भागते.

जामिनाच्या अटींत देश सोडू नये असे असेल तर तीही शिथिल करून घ्या. तिकिटे आणि प्रवासाचा तक्ता जोडा, म्हणजे घाई दिसते. दिसून किती उपयोग होईल ते वेगळे. सरकारी वकील म्हणणे द्यायला वेळ मागतात, पोलिसांचा अहवाल येत नाही, त्यात न्यायाधीश साहेब रजेवर जातात. मारामारीच्या केसमध्ये इतक्या वर्षांत एक साक्षीदार तपासून होत नाही, तिथे किरकोळ अर्जाची काय कथा. तत्काळचे दोन हजार जादा भरून पासपोर्ट ऑफिस हलेल, तारीख हलत नाही. अर्ज नाकारला गेला तर वर सत्र न्यायालय आहे, उच्च न्यायालय आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून त्याचे सर्किट बेंच इथेच कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर बसते, महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठण्याची दगदग वाचली. पण डिसेंबरच्या आत हे सगळे उरकेल का, यावर मी पैज लावणार नाही.

एजंटचे ऐकू नका. माहिती दडवली तर कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय पासपोर्ट जप्त होऊ शकतो. व्हेरिफिकेशनचा कागद ज्या पोलीस ठाण्यात येतो, तुमची केस तिथल्याच रजिस्टरला आहे.

व्हिसाचे कंपनीकडून लेखी घ्या, विशेषतः जहाज सिंगापूरला परत येते तेव्हा दुसऱ्यांदा प्रवेश चालतो का ते. बुकिंग रद्द केल्यास किती कापतात, तारीख बदलून देतात का, हे आजच विचारा. कंपनीच्या अटी न वाचता मी त्यावर बोलणे बरोबर नाही.

आणि चुलतभाऊ आता बोलतो का? पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. ही तिन्ही कलमे आपसात मिटवता येतात, आणि रीतसर तडजोड झाली की निर्दोष सुटल्यासारखेच. मग ना-हरकतही नको. पुढची लोकअदालत कधी आहे ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. पण त्या आशेवर परवानगीचा अर्ज थांबवू नका, तो याच आठवड्यात द्या. आदेश झाला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका; सही-शिक्क्याची नक्कल हातात आल्याशिवाय पासपोर्टची अपॉइंटमेंट घेऊ नका.