आमच्या छोट्या गावाचा इतिहास कुठेच लिहिलेला नाही. आम्ही काही जण मिळून तो जपायचा म्हणतोय, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही पुढे असंही लिहिलंय, की गावात किल्ला नाही, लेणी नाहीत, मग जपण्यासारखं काही निघेल का? निघेल, आणि एका पिढीला पुरून उरेल एवढं निघेल. माणदेशातल्या आमच्या गावात आम्ही काही वर्षं हेच काम करतोय: एक निवृत्त गुरुजी, एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, अंगणवाडीच्या ताई आणि कॉलेजात जाणारी तीन-चार पोरं. कुणालाच यातला पगार नाही. त्या अनुभवावरून सांगतो.

दगडांपासून सुरुवात करू नका, माणसांपासून करा. मारुतीच्या देवळापुढचा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, आणखी शंभर वर्षं तिथेच असेल. ऐंशी ओलांडलेली म्हातारी माणसं मात्र दर हिवाळ्यात कमी होतात.

त्यांच्यापुढे बसून ‘गावाचा इतिहास सांगा’ म्हणू नका. तसं विचारलं की पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं तिथपासून सुरू होतं आणि ज्यासाठी गेलो ते राहूनच जातं. लहान विचारा. तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे? लग्नाचं वऱ्हाड कशानं गेलं? घरात पहिला कंदील कधी आला? साल कुणालाच आठवत नाही, म्हणून साल विचारूच नका. आठवणीला खुंटी द्या. वडूजला ‘चले जाव’च्या मोर्चावर गोळीबार झाला (सप्टेंबर १९४२) तेव्हा तुमचे वडील केवढे होते? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) त्या पहाटे तुम्ही कुठे निजला होता? बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर होता?

बहात्तरवर मी थांबून बोलतो, कारण आमच्या भागात तो विषय निघाला की न बोलणारी माणसंही बोलती होतात. खडी फोडायला कोण कुठे बसायचं, मुकादम कोण, हजेरी कशी लागायची, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी गळ्याखाली कशी उतरत नव्हती, सुकडी वाटायला कोण यायचं, कुणाची बैलं बाजारात कवडीमोलानं गेली. आज ज्या पाझर तलावावर तुम्ही फिरायला जाता तो आणि गावाला येणारा रस्ता, दोन्ही याच लोकांनी खपून केलेले असण्याची शक्यता मोठी आहे. सरकारी कागदात त्याची फार तर रक्कम सापडेल, माती वाहणाऱ्या बायकांची नावं नाही सापडणार. ती तुम्ही लिहा.

बायकांकडे वेगळं जा, आणि शक्यतो बाईनेच जावं. आमच्याकडे अंगणवाडीच्या ताई गेल्या नसत्या तर निम्मा इतिहास हाती लागला नसता. प्रत्येक सून स्वतःच्या माहेरचं एक गाव बरोबर घेऊन आलेली असते, म्हणून माहेरचं नाव नोंदवाच. जात्यावरच्या ओव्या विचारा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि आता त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. आपलं गाव किंवा शेजारचं गाव त्यात आहे का ते आधी बघा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. गावाचा इतिहास म्हणजे पाटलाच्या वाड्याचा इतिहास नव्हे. वाड्यावर कागद असतात, चहा मिळतो, बसायला ओसरी असते, म्हणून आपली पावलं आपोआप तिकडेच वळतात. पण शिवेचा दगड नेमका कुठे होता हे पिढ्यान्‌पिढ्या महारांनी सांगायचं आणि त्यांची साक्ष धरली जायची. रात्रीची राखण रामोशांकडे होती. मेंढरांच्या वाटा धनगरांना पाठ. तेव्हा पहिली भेट बौद्धवस्तीत ठेवा. विहिरीवर पाणी कधीपासून भरू दिलं, १९५६ नंतर गावकीची कामं कुणी सोडली, सोडल्यावर गावानं काय केलं, हे विचारा. ऐकताना अवघड वाटेल, गावातले काही जण ‘हे कशाला उकरता’ म्हणतील. तरीही नोंदवा. ते वगळून केलेली पुस्तिका यात्रेत वाटायला बरी, पण ती अर्ध्याच गावाची असेल.

कागदांचं बोलायचं तर पूर्वीच्या सातारा जिल्ह्यात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर झालेल्या जाळपोळीत अनेक गावांत कुलकर्ण्यांची घरं जळाली, घराबरोबर दप्तरंही गेली. वाचलेले कागद त्या कुटुंबांबरोबर बहुतेक पुण्याकडे गेले. त्यांच्या नातवंडांना शोधून पत्र लिहा. गावात जे उरलंय ते जुन्या मोडी लिपीत असतं, आणि घरच्यांनाच ते वाचता येत नाही. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला आहे, पण तुमच्यातल्या एखाद्या पोरानं शिकून घेतली तर फार बरं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग होतात, पुराभिलेख विभागही वर्ग घेतो.

कागद दाखवायला लोक घाबरतात, कारण प्रत्येकाला वाटणीचा दावा आठवतो. म्हणून कागद घराबाहेर न्यायचाच नाही. त्यांच्याच ओसरीवर, उजेडात, त्यांच्या समोर फोटो काढायचा आणि कागद तिथेच परत द्यायचा. मोडीचं वाचन झालं की त्याची छापील प्रत त्या घरी पोचवायची. एवढं केलंत की पुढचं घर स्वतःहून बोलावतं. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको.

शाळेचं जुनं जनरल रजिस्टर आणि तहसिलातलं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, हेही पाहून घ्या. आणि सातबारा उघडा. त्यात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो, बहुतेकांचा रिकामा. जमिनींच्या एकत्रीकरणात गट नंबर पडले आणि वाघाचा माळ, जोगतिणीची पट्टी, घोड्याची खोरी ही नावं कागदावरून उतरली, आता बोलण्यातूनही उतरत चाललीत. आम्ही गावाचा नकाशा मोठा छापून देवळात पसरला आणि म्हाताऱ्यांना नावं सांगायला बसवलं. दोन शेजाऱ्यांचं एका ओढ्याच्या नावावरून जोरात वाजलं. आम्ही दोन्ही नावं लिहिली.

मूर्ती-वीरगळांचं थोडक्यात: हलवू नका, ऑइलपेंट देऊ नका, शेंदूर खरवडू नका. मोजमाप, फोटो, जागा नोंदवा. जीर्णोद्धार ठरला की जुने दगड ओढ्यात टाकले जातात, तेव्हा त्या बैठकीला तुम्ही हजर असायला हवं. नाणी किंवा मूर्ती निघाल्या तर तहसीलदारांना कळवा, कायदा आहे.

जपणूक साधी ठेवा. प्रत्येक रेकॉर्डिंगला माणसाचं नाव, अंदाजे वय, वस्ती आणि तारीख लगेच लिहा. महिन्यानंतर आवाज ओळखू येत नाहीत. प्रती तीन ठिकाणी हव्यात, त्यातली एक गावाबाहेर. एखाद्यानं ‘मी असेपर्यंत हे कुणाला ऐकवू नका’ म्हटलं तर तसं लिहून वेगळं ठेवा आणि शब्द पाळा.

आणि तुमचं गाव आमच्यासारखंच बाहेर पोट भरणारं असेल तर गावाचा इतिहास लालबाग-परळलाही आहे. गिरणीत गेलेल्यांची गावकीची खोली, तिच्या वर्गणीच्या वह्या, १९८२ च्या संपानंतर कोण परतलं, कोण राहिलं. आमच्याकडची पुष्कळ घरं गलाईसाठी, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, पार दक्षिणेपर्यंत गेलेली आहेत. ही सगळी माणसं एकाच वेळी गावात सापडतात ती यात्रेला. तुमची यात्रा कधी आहे ते पाहून रेकॉर्डिंगची पहिली फेरी त्याच दिवसांत ठेवा.