मावा, नर आणि बिनबापाची पिल्लं: तुमचे प्रश्न

प्रश्न: सर, ज्वारीवर आधी दोन-चार मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला आणि आठवड्यात पानंच्या पानं चिकट झाली. इतकी अंडी उबतात तरी कधी?

अंडी नसतातच हो! तुम्हाला दिसतोय तो सगळा मावा मादी, आणि ती नराशिवाय थेट जिवंत पिल्लं टाकते. गंमत म्हणजे त्या पिल्लाच्या पोटातही जन्माआधीच पुढचं पिल्लू वाढायला लागलेलं असतं, म्हणजे आजीच्या पोटात लेक आणि लेकीच्या पोटात नात, आणि उबदार हवेत आठवडा-दीड आठवड्यात ही लेक स्वतः आई होते, मग पानं भरणार नाहीत तर काय. 1740 साली शार्ल बॉने नावाच्या स्विस पोरानं (विशीतलाच होता) नुकती जन्मलेली एक मादी एकटी कोंडून रोज पाहिली, तर तिनं नराचं तोंडही न बघता 95 पिल्लं दिली.

प्रश्न: मग माव्यात नर नसतातच का?

असतात, पण थंडीच्या देशात. तिकडे शरद ऋतूत रात्री मोठ्या व्हायला लागल्या की माद्यांना ते कळतं आणि त्या नर आणि अंडी घालणाऱ्या माद्या जन्माला घालतात. मादीत लिंग ठरवणारी दोन एक्स गुणसूत्रं, त्यातलं एक गळालं की नर. मग मीलन, अंडी, आणि ती अंडी बर्फातही टिकतात. वसंतात त्यातून फक्त माद्याच निघतात, कारण एक्स नसलेले शुक्राणू टिकतच नाहीत. आपल्याकडे तशी थंडी कुठंय? त्यामुळे इथं बहुतेक मावा वर्षभर नराशिवायच चालतो. 2002 मध्ये पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा पसरला तोही असाच.

प्रश्न: एवढं सोपं असेल तर बाकीचे किडे नराच्या भानगडीत पडतातच कशाला?

हा खरा प्रश्न, आणि त्यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. नर पिल्लं देत नाही, म्हणजे निम्मा खर्च फुकट, पण बिननराच्या कुळात सगळ्या लेकी एकाच साच्यातल्या, रोग आला की सगळ्याच सापडतात, आणि वाईट बदल साठत जातात ते वेगळंच. तरी कॅलिफोर्नियातल्या टिमेमा काडीकिड्यांच्या काही जाती दहा लाख वर्षांहून जास्त काळ जवळपास नराशिवाय टिकल्यात, त्यामुळे 'नराशिवाय जात संपतेच' असं छातीठोक सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. शेतकऱ्याला मात्र यातलं एक लक्षात ठेवायला हवं, औषधाला दाद न देणारी एक मादी वाचली तर तिचं सगळं कूळ तसंच निघतं, म्हणून तेच ते औषध सारखं मारू नका.

प्रश्न: मधमाशीच्या नराला बाप नसतो म्हणतात, खरं का?

खरं. फलन न झालेल्या अंड्यातून नर, झालेल्यातून मादी. बाप नाही, पण आईचा बाप आहेच.

प्रश्न: आम्ही उसात ट्रायकोकार्ड लावतो, त्या ट्रायकोग्रामाचंही असंच का?

बहुतेकदा हो, कार्डावरून सोडतो ती ही किडींच्या अंड्यांत अंडी घालणारी चिमुकली गांधीलमाशी मधमाशीसारखीच. पण ट्रायकोग्रामाच्या काही रानटी कुळांत वोल्बाकिया नावाचा जिवाणू पेशींत घुसलेला असतो आणि तो फलन न झालेल्या अंड्यातूनही मादीच काढतो, कारण तो आईकडूनच पुढे जातो, नर त्याच्या काही कामाचा नाही. अशा माद्यांना प्रतिजैविक खाऊ घातलं की जिवाणू मरतो आणि पुन्हा नर जन्मायला लागतात.