सोलापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी लवचिक रोबोट हा प्रोजेक्ट घेऊ का? सुरुवात कुठून करू?

जरूर घ्या. पण सापासारखं वळवून दाखवण्यावर थांबू नका. वळवणं सोपं आहे. वळलेल्या टोकाने जोर लावणं आणि ते टोक नेमकं कुठे आहे हे कळणं, खरं डिझाइन तिथे लागतं.

पोटातल्या बऱ्याच ऑपरेशनांना ५ ते १२ मिलिमीटरच्या छिद्रातून जाणारी सरळ हत्यारं पुरतात. फुफ्फुसातल्या खोल गाठीपर्यंत मात्र सरळ वाटच नसते. अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेला ‘आयन’ रोबोट तिथे ३.५ मिलिमीटर जाडीची नळी तोंडावाटे नेतो आणि नळीचा आकार तिच्यातली ऑप्टिकल फायबर सतत कळवत राहते.

तुम्ही एकच सांधा बनवा. मधे निटिनॉलची, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची, तार घ्या, कारण ती ६-८ टक्के ताणली तरी मूळ आकारात येते. स्टील त्याच्या कितीतरी आधी वाकून बसतं. तिच्यावर भोकं पाडलेल्या चकत्या आणि एकमेकींपासून १२० अंशांवर बसवलेल्या, ओढायच्या तीन बारीक केबल. इथेच घर्षण गाठतं. वाट जितकी वळते तितका केबलमधला जोर घातांकी दराने घटतो. घर्षण गुणांक ०.२ धरला तर १८० अंश वळणानंतर १० न्यूटनमधले ५.३ उरतात, ३६० अंशांनंतर जेमतेम २.८. दिशा बदलताना तर मोटर फिरते, टोक हलत नाही आणि मग एकदम उडी मारतं. पेशंटच्या पोटात अशी उडी रक्तवाहिनी फाडू शकते, म्हणून मी पुढच्या मोजमापाचा इतका आग्रह धरतोय.

मागे ग्राफ पेपर लावा, केबलला वजनं टांगा. वजन चढवताना आणि उतरवताना टोकाची जागा टिपा. आलेख काढलात तर चढतानाची आणि उतरतानाची अशा दोन रेषा एकमेकींवर बसणार नाहीत, तो फरक घर्षणाचा. केबल टेफ्लॉनच्या नळीतून नेऊन तेच पुन्हा करा. मग टोकाला ५० ग्रॅम लटकवून ते किती खाली येतं ते पाहा. जॉयस्टिक, एआय हे सगळं यानंतर.

चकत्यांसाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेसर कटिंगवाल्यांकडे चौकशी करा. आणि कॉलेजचं रीतसर पत्र घेऊन वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या सर्जरी विभागात जा, दुर्बिणीची हत्यारं हातात घेऊन बघू द्या म्हणून विनंती करा. टाका घालताना सुई कुठे अडते, हे सर्जनलाच विचारा. तुमच्या सांध्याला किती जोर हवा, तो आकडा त्यातूनच ठरवा.