रिपोर्ट यायचाय, तोवर काय करू?

"मॅडम, रिपोर्ट यायला अजून आठ दिवस आहेत. तोवर मी काय करू?" हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की हल्ली फोनवरचा आवाज ऐकूनच कळतं, हे माणूस रिपोर्टची वाट बघतंय. म्हापशाहून, फोंड्याहून, सत्तरीतल्या आतल्या गावांतून फोन येतात. कोणाची बायोप्सी झालेली असते, कोणाच्या थायरॉइडच्या गाठीत सुई घालून तपासायला दिलेलं असतं, कोणाचा एमआरआय झालाय पण डॉक्टर सुट्टीवर. आजार वेगवेगळे, भीती तीच. आणि घरचे सगळे औषधही तेच देतात, "काही होणार नाही गं, टेन्शन घेऊ नको."

या वाक्याने कोणाची भीती गेलीय असं माझ्या समुपदेशनाच्या प्रॅक्टिसमध्ये मला एकदाही दिसलेलं नाही, म्हणून आज वृंदाताईंबद्दल लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, लिहायला त्यांची परवानगी आहे, आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं इथे थोडक्यात आणलंय.

वृंदाताई डिचोली तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. वय पंचेचाळीसच्या आसपास. छातीत गाठ लागली, मॅमोग्राफी-सोनोग्राफी झाली, मग सुईने बायोप्सी. दिवस चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधीचे, शाळेत चवथीच्या सुट्टीआधीची गडबड, घरी रंगकाम काढलेलं, करंज्या-नेवऱ्यांची तयारी. आणि त्यांनी घरात कोणालाच काही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं होतं की दाताच्या डॉक्टरकडे जाते.

"चवथ होऊन जाऊ दे, मग सांगते. सणाच्या तोंडावर कशाला सगळ्यांचा जीव टांगणीला लावायचा?"

"आणि तुमचा जीव?"

"माझा काय, मी करते मॅनेज."

मॅनेज म्हणजे काय, तर रात्री दोन वाजता उठून न्हाणीघरात मोबाईल घेऊन बसायचं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "बायरॅड्स 4 ए" लिहिलेलं (गाठ किती संशयाची हे सांगणारा गट), त्याच्यापुढे "संशयास्पद" अशा अर्थाचा शब्द. तो शब्द वाचला तिथेच बाईंचा निकाल लागला होता. मी त्यांना म्हटलं, हे आकडे तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी विचारले. डॉक्टरांनी सांगितलं की 4 ए या गटात कॅन्सर निघायची शक्यता 2 टक्क्यांहून जास्त ते 10 टक्क्यांपर्यंत धरतात, म्हणजे अगदी वरचा आकडा घेतला तरी शंभरातल्या नव्वद जणींना कॅन्सर नसतो. मला वाटलं आता थोडा श्वास घेतील. पुढच्या भेटीत आल्या त्याच चेहऱ्याने.

"मॅडम, पण मी त्या दहांतली असले तर?"

इथेच बहुतेक घरातली माणसं वैतागतात. एवढं समजावलं तरी कळत नाही का हिला! अहो, कळतं. शिक्षिका आहेत त्या, टक्केवारी त्या पोरांना शिकवतात. पण भीतीला टक्के नको असतात, तिला शंभर टक्के खात्री हवी असते, आणि रिपोर्ट यायच्या आधी तीच एक गोष्ट जगात कोणाकडेच नसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॉम्प्युटरवर दगड दाखवायचे, खाली साप आहे का ओळखायचं, साप निघाला की हाताला विजेचा बारीक पण दुखणारा झटका. झटका बसणारच हे पक्कं माहीत असतानापेक्षा बसेल की नाही हे पन्नास-पन्नास असताना माणसांचा ताण जास्त निघाला, घामावरून नि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून मोजलेला. मी हा प्रयोग वाट बघणाऱ्या प्रत्येकाला सांगते. माणसांना हायसं वाटतं. आपण कमकुवत नाही, माणसाची घडणच अशी आहे हे कळल्यावर अर्धी लाज तिथेच गळून पडते.

वृंदाताईंनी देवळात जाऊन कौलही घेतला होता. उजवा मिळाला. दोन दिवस बरे गेले, मग शंका आली की आपण प्रश्न नीट विचारला होता ना, म्हणून परत गेल्या. हे सांगताना त्या ओशाळल्या, त्यांना वाटलं मॅडम काहीतरी सायन्सचं बोलणार. मी देवाबद्दल काहीच बोलले नाही, आपल्या गोव्यात माणसाला आधार कुठे मिळतो हे मला माहीत आहे आणि त्याचा मला आदर आहे. मी एवढंच विचारलं, "गुगल किती वेळा उघडलंत काल?"

त्या गप्प. मग म्हणाल्या, "तेच करतेय ना मी दोन्हीकडे?"

हो. तेच. आणि हे त्यांना स्वतःहून दिसलं. गाठ दिवसातून दहा वेळा हाताने चाचपून बघणं, लॅबला रोज फोन, मैत्रिणीला "तुझ्या मावशीचं कसं निघालं होतं गं" विचारणं, सगळं एकाच जातीचं. प्रत्येक वेळी पाच मिनिटं बरं वाटतं आणि सहाव्या मिनिटाला आधीपेक्षा जास्त भूक लागते. म्हणून आम्ही त्यावर जरा बांध घातला. गुगल बंद, कोणाशी तरी बोलायचंच असेल तर डॉक्टरशी, आणि डोक्यात येईल तो प्रश्न वहीत. काळजीला रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर वीस मिनिटं द्यायची, वही घेऊन बसायचं, मनसोक्त घाबरायचं, वही मिटायची. दुपारी वर्गात भीती आली तर तिला हाकलायचं नाही, "संध्याकाळी बघते तुला" म्हणायचं. ऐकायला पोरकट वाटतं पण करून बघा, पहिले दोन-तीन दिवस अजिबात जमत नाही, मग जमायला लागतं.

त्यांच्या वहीतला एक प्रश्न होता, "रिपोर्टला इतके दिवस का? वाईट आहे म्हणून का?" हा सगळ्यांचाच प्रश्न, म्हणून उत्तर इथे देते. काढलेला तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, मग त्यावर प्रक्रिया करून मेणात बसवतात, त्याचे दोन-चार मायक्रॉन इतके पातळ काप काढतात, रंग देतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कधी आणखी वेगळे रंग लावून बघावं लागतं, कधी ते दुसऱ्या सीनियरला दाखवतात, मध्ये सुट्ट्या येतात. उशिराचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो. वृंदाताई हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे पेपर लिहून झालाय, तपासायला गेलाय. आता मी जागून उत्तरं बदलणार नाहीत." अगदी मास्तरीण बोलली! मला ते इतकं आवडलं की मी ते आता इतरांनाही सांगते.

तरी खालचं काहीतरी हललेलं नव्हतं. झोप थोडी सुधारली, पण नवऱ्याला सांगायचा विषय काढला की अंग आखडायचं. भीतीशी वाद घालून ती जात नाही अशी माझी पक्की धारणा आहे. तिला समोर बसवून विचारावं लागतं, बाई, तुला नेमकं काय दिसतंय? मरण, कॅन्सर ही फार मोठी, धूसर नावं आहेत. त्यांच्या आत कुठलंतरी एक ठराविक चित्र असतं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं. ते सापडेपर्यंत मी घाई करत नाही.

मी म्हटलं, "वृंदाताई, समजा रिपोर्ट आलाय. डोळे मिटा हवं तर. तुम्ही कुठे आहात?"

"हॉस्पिटलात. बाकावर बसलेय."

"रिपोर्ट कोणाच्या हातात आहे?"

खूप वेळ काही नाही. बाहेर पाऊस धो धो. मग एकदम म्हणाल्या, "माझ्या हातात नाहीय."

"मग?"

"भाऊ नि नवरा आत डॉक्टरांकडे आहेत. दार लोटलेलं. मग ते बाहेर येतात नि भाऊ हसतो. हसून म्हणतो, काही नाही गं, साधी गाठ आहे."

आणि रडायला लागल्या. हुंदके देऊन. मी पाण्याचा ग्लास जवळ सरकवला आणि गप्प बसले, अशा वेळी बोलायचं नसतं.

तो बाक त्यांच्या आईचा होता. वीसएक वर्षांपूर्वी आईला मुंबईला नेलेलं, घरातल्या मोठ्यांनी ठरवलं तिला सांगायचं नाही, "साधी गाठ आहे." वृंदाताई तेव्हा नुकत्या नोकरीला लागलेल्या, त्यांनाही तेच सांगायला लावलं. आई जाईपर्यंत विचारत राहिली, "मग मला बरं का वाटत नाही गं?" आणि या तिच्या डोळ्यांत न बघता उशी सारखी करायच्या. हे सांगताना त्यांचे हात खरंच मांडीवरची ओढणी सारखी करत होते, परत परत, चुण्या काढत.

"मॅडम, मला कॅन्सरची भीती आहेच. पण त्याहून मला भीती आहे की मला कोणी खरं सांगणार नाही. मी आईसारखी विचारत राहीन."

मी एवढंच म्हटलं, "आणि आत्ता घरात खरं कोण सांगत नाहीय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. या कामात असे क्षण रोज येत नाहीत, पण येतात तेव्हा खोलीतली हवा बदलते. ज्या लपवाछपवीची त्यांना सगळ्यात जास्त दहशत होती तीच त्या स्वतः, प्रेमापोटी, घरात करत होत्या. दाताच्या डॉक्टरचं नाव घेऊन! मला या केसने जे दिलं ते हे, की वाट बघण्याची भीती कित्येकदा येणाऱ्या बातमीची नसतेच, जुन्या, कोणीतरी अर्धवट ठेवलेल्या बातमीची असते. आणि रिपोर्ट यायच्या आधीही त्यावर काम करता येतं, किंबहुना तेव्हाच करावं.

मग गोष्टी भराभर झाल्या. त्या रात्री माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, लाकडं बांधून झाल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो आठवडाभर मनातल्या मनात विचारत होता म्हणे, "कितें जालां हिका?", पण तोंडाने विचारायचं धाडस नव्हतं. पहिलं काय बोलला तर, "म्हणजे तू दाताला गेलीच नव्हतीस?" आणि मग बराच वेळ दोघंही पडवीत बसून राहिले. पुढच्या भेटीला तो सोबत आला आणि त्याने तिथेच कबूल केलं, रिपोर्ट तू उघडायचा, मी बाजूला बसणार. डॉक्टरांनाही वृंदाताईंनी सांगून ठेवलं, "जे असेल ते आधी मला सांगा. नवऱ्यासमोर सांगा, माझ्या मागे नको." डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. हे प्रत्येकाला करता येतं बरं का. तुमचा रिपोर्ट तुमचा आहे, तो आधी कोणाला सांगायचा हे तुम्ही आधीच सांगून ठेवू शकता. आणि ज्याला स्वतः ऐकायचं नाहीय, आधी मुलाला सांगा म्हणायचंय, त्यानेही तसं सांगावं, त्यातही काही चूक नाही, फक्त ते ठरवणारा तो असावा.

रिपोर्ट काय आला हे तुम्ही विचारणारच. साधाही आला नाही, कॅन्सरही नाही. पेशींमध्ये थोडा वेगळेपणा दिसला, अशा वेळी सुईत मोठा भाग येत नाही म्हणून ती जागा ऑपरेशनने काढून परत तपासतात. म्हणजे परत तुकडा, परत लॅब, परत वाट! मला वाटलं होतं आता कोसळतील. दुसऱ्या वाट बघण्यात त्यांनी सासूबाईंनाही सांगून टाकलं, शाळेत मुख्याध्यापिकांना सांगितलं, वही चालू ठेवली. भीती होती, रात्री जाग यायची, पण न्हाणीघरात जाऊन बसणं संपलं. दुसऱ्या रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता, दर वर्षी तपासणी करत राहायला सांगितलंय.

आणि हे शेवट गोड झाला म्हणून लिहिते असं समजू नका. म्हापशाकडचे एक टॅक्सीवाले काका, तोंडातल्या जखमेची बायोप्सी झालेले, त्यांचा रिपोर्ट वाईटच आला. पण वाट बघतानाच त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं की वाईट निघालं तर गाडी कोण चालवणार, बांबोळीला सरकारी हॉस्पिटलात सोबत कोण येणार, विम्याचे कागद कुठे आहेत. बातमी आली त्या दिवशी ते रडले आणि दुसऱ्या दिवशी वही उघडली. आपली माणसं अशी तयारी अशुभ मानतात, "वाईट कशाला चिंतायचं" म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. जे डोक्यात फिरतच असतं ते एकदा कागदावर उतरलं की त्याचं काम होतं, आणि रिपोर्ट चांगला आला तर कागद फाडून टाका की!

घरच्यांना सांगायचं तर "काही होणार नाही" हे बंद करा. ते तुम्हाला माहीत नाहीय आणि समोरच्यालाही ठाऊक असतं की तुम्हाला माहीत नाहीय. त्यापेक्षा "काय निघेल ते निघो, मी आहे तुझ्याबरोबर" हे म्हणा, आणि रिपोर्ट घ्यायच्या दिवशी खरोखर रजा टाका. तिला कामातून पूर्ण उठवूनही बसवू नका. वृंदाताई त्या दिवसांत नेवऱ्या करत होत्या आणि त्या सांगतात, मुरडीवर लक्ष असायचं तेवढा वेळ डोकं शांत असायचं. रात्री छाती धडधडली तर श्वास घेण्यापेक्षा सोडण्यावर भर द्या, सावकाश, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत.

बहुतेकांचं एवढ्याने निभावतं. पण सलग झोपच नाही, जेवण तुटलंय, छातीत कळ येते, किंवा रिपोर्ट यायच्या आधीच जीव द्यायचे विचार येतायत असं असेल तर वही नि श्वासावर थांबू नका. कळ आली तर सरळ डॉक्टर गाठा. मनाचं असेल तर बांबोळीच्या मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, आणि सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416 दिवसरात्र चालते, तिथे फोनला पैसे पडत नाहीत.