ठिपक्यावरून दगड कसा ओळखतात?

प्रश्न : मोठ्या दुर्बिणीतूनही बहुतेक लघुग्रह नुसता ठिपकाच दिसतात म्हणे, मग तो कशाचा बनलाय हे कसं सांगतात? अंदाजच ना?

उत्तर : नाही हो, अंदाजापेक्षा खूपच पक्कं असतं. लघुग्रहावरून जो सूर्यप्रकाश परत येतो तो स्पेक्ट्रोमीटरमधून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या उपकरणातून, पसरवायचा आणि कुठली तरंगलांबी (ढोबळमानाने कुठला रंग) किती कमी झालीय ते बघायचं, कारण प्रत्येक खनिज ठरावीक ठिकाणीच प्रकाश खातं. पायरोक्सीन हे खनिज असेल तर ०.९ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास आलेखात एक खड्डा पडतो, २ च्या जवळ दुसरा, आणि पाणी मुरलेली खनिजं असली की ३ च्या आसपास. १९७० साली व्हेस्टा या लघुग्रहाचा असा आलेख काढला तर तो पृथ्वीवर पडलेल्या एका प्रकारच्या बेसाल्टी (गोठलेल्या लाव्हाच्या दगडाच्या) उल्कांशी जुळला, आणि २०११ मध्ये नासाचं डॉन यान तिथे पोचल्यावर ते खरंच निघालं! मला तर हे आजही थक्क करतं.

पण अडचणी आहेतच. सौरवारा आणि बारीक उल्कांच्या माऱ्याने पृष्ठभाग काळपट-लालसर होतो, आलेखातले खड्डे उथळ होतात, त्यामुळे इटोकावा हा लघुग्रह नेमका कुठल्या उल्कांसारखा आहे याबद्दल शंका होती, ती जपानच्या हायाबुसा यानाने २०१० मध्ये आणलेल्या कणांनी मिटली. आणि बेन्नू हा लघुग्रह किती पटकन तापतो-थंड होतो त्यावरून तिथे बारीक खडी असेल असं वाटलेलं, २०१८ मध्ये नासाचं ओसायरिस-रेक्स यान जवळ गेलं तर सगळीकडे मोठाले धोंडे, तेही सच्छिद्र; असे धोंडे बारीक खडीसारखेच पटकन तापतात-थंड होतात, म्हणूनच उष्णतेचं गणित चुकलं.