वर्चस्व केवळ बळावर टिकते का?

प्रश्न : बलाढ्य राष्ट्र दुबळ्या राष्ट्रांवर किंवा वरचा वर्ग खालच्या वर्गावर सत्ता गाजवतो, ती केवळ लष्कर आणि पोलिसांच्या जोरावर का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. मुसोलिनीच्या राजवटीने १९२६ मध्ये कैद केलेल्या अंतोनिओ ग्रामची या इटालियन मार्क्सवादी विचारवंताने तुरुंगातील वह्यांमध्ये नेमका हाच प्रश्न धसास लावला. सत्ताधारी वर्ग शाळा, चर्च आणि वृत्तपत्रे यांच्यामार्फत आपली जीवनदृष्टी सर्वांच्या गळी उतरवतो आणि मग दडपलेला माणूसही आपली स्थिती स्वाभाविक मानू लागतो. बळ असते, परंतु ते या संमतीच्या पाठीशी उभे असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ग्रामची स्वतः सार्डिनिया या गरीब बेटावरचे. दक्षिण इटलीतील शेतकऱ्यांचे दारिद्र्य त्यांच्या उपजत आळसाच्या माथी मारले जाते आणि उत्तरेतील कामगारही ते खरे मानतात, ही गोष्ट त्यांना फार जाचत असे. मला तर त्यांच्या विचाराचे मूळ इथेच दिसते.

राष्ट्रांमध्ये ही संमती बहुधा नियमांच्या रूपाने येते. अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे १९४४ मध्ये भरलेल्या परिषदेतून जन्मलेल्या आणि अडचणीतील राष्ट्रांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत. म्हणजे बाकीची सर्व राष्ट्रे एकवटली तरी अमेरिकेच्या नकारापुढे ठराव अडतो, आणि तरीही कर्जासाठी रांगेत उभी असलेली राष्ट्रे हीच नियमावली मान्य करून सदस्य झालेली असतात.