मुलांच्या हाती बोरू देण्याआधी

चि. बायेस,
अनेक आशीर्वाद.

चतुर्थीच्या आधी फोंड्यात पहिली-दुसरीच्या मुलांना सुलेखन शिकवणार आहेस, हे कळलं. बरं वाटलं. मात्र सुंदर अक्षराचं नाव पहिल्या दिवशी काढू नकोस. रेघ जाड-बारीक कशाने होते, तेवढं त्यांच्या हाताला कळू दे.

त्यासाठी बोरू, म्हणजे टोक छाटलेली काडीची लेखणीही नको. दोन पेन्सिली शेजारी ठेवून रबरबँडने घट्ट बांध. दोन्ही टोकं एकाच वेळी कागदाला टेकली पाहिजेत. ही जोडी तिरकी, साधारण 45 अंशांत धरून आधी उभी रेघ मारायला सांग, मग आडवी. दोन्हींत मधलं अंतर सारखंच दिसेल. आता एक तिरपी रेघ या बाजूने, एक त्या बाजूने. एकीत पेन्सिली चांगल्या फाकतात, दुसरीत एकमेकींच्या मागोमाग जाऊन एकच रेघ उमटते. पोरं ओरडतील, ओरडू दे. बोरूचा चपटा छाट हेच करतो, फक्त मधली जागा शाईने भरतो. जाडी दाबून येत नाही, हे सांगावं लागत नाही मग. हात फिरला तरी चालेल, पण मनगट वळलं की कोन गेला. तुझं लक्ष तिथेच हवं.

अक्षरं घेताना अ-आ नकोत, ग म भ न घे. साधी वळणं आधी बसतात. शिरोरेषा शेवटी. सगळ्यांना ‘श्री’ची घाई असणार, पण जोडाक्षरं थोरांनाही दमवतात. गोव्यात छापखाना आला 1556 मध्ये, तरी फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं तेव्हा त्या मराठी ओव्या रोमी अक्षरांत होत्या. देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, नव्हते, आणि पाडायचे तर जोडाक्षरांसकट किती! बोरूला हा प्रश्नच नव्हता. मुलांना ही गोष्ट जरूर सांग.

डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नकोस. त्याला कागद हवा तसा फिरवू दे. बोरूचा छाटही त्याच्या हाताप्रमाणे वेगळा करून दे.

आणि पावसाळा आहे. दमट हवेत वहीच्या कागदावर शाई फुटते, तेव्हा जाड कार्डशीट आण, घरी डब्यात बंद ठेव. बोरू बुडवला की दौतीच्या काठाला निथळून घ्यायची सवय लाव. आयांनाही आधीच कळव: युनिफॉर्म नको, जुने कपडे घालून पाठवा.

तुझे,
काका